कलम २४३ ते कलम १०३ : हदगावच्या वकिलाचा कायद्याचा शोध

१ जुलै २०२४ला सोमवार होता. हदगावच्या कोर्टात सकाळी अकराच्या आधीच बाररूम भरली होती. भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता त्या दिवसापासून लागू झाली होती. तरुण वकिलांच्या मोबाइलवर एकच तक्ता फिरत होता, डाव्या बाजूला जुने कलम आणि उजव्या बाजूला नवे. खुनाचे ३०२ आता १०३. फसवणुकीचे ४२० आता ३१८. सगळ्यात जास्त घोटाळा ४८२चा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तोच आकडा अटकपूर्व जामिनाला आला आणि हायकोर्टाचे अधिकार ५२८ मध्ये गेले. एक ज्युनिअर मला म्हणाला, "सर, असा गोंधळ याआधी कधी झाला होता का हो?"

झाला होता. याच गावात, त्र्याहत्तर वर्षांपूर्वी. त्याचा पुरावा माझ्या घरी आहे.

मी १९८५ साली ज्यांच्या हाताखाली वकिली सुरू केली ते माझे ज्येष्ठ निजामी अमलात सनद घेतलेले. त्यांच्या पश्चात त्यांची दोन कपाटे माझ्याकडे आली. त्यातल्या एका जिल्दीत घडी घातलेला फुलस्केप कागद आहे. डावीकडे उर्दूत गुन्ह्याचे नाव आणि हैदराबादच्या दंडसंहितेचे कलम, उजवीकडे भारतीय दंड संहितेचे. पहिल्याच ओळीत २४३ समोर ३०२. ज्याला आपण ३०२ म्हणतो तो खून या मुलखात तोवर २४३ होता. सुप्रीम कोर्टाच्या 'हबीब मोहम्मद विरुद्ध हैदराबाद राज्य' या खटल्यातही ते २४३ वाचायला मिळते. कागदावर तारीख नाही, पण तो कधीचा असणार हे सांगता येते. संसदेने 'पार्ट बी स्टेट्स (लॉज) ॲक्ट' केला आणि १ एप्रिल १९५१पासून दंड संहिता, पुरावा कायदा, फौजदारी प्रक्रिया असे केंद्राचे कायदे हैदराबाद राज्याला लागू झाले. त्याच दिवसापासून दिवाणी प्रक्रिया संहिताही आली. २०२४ला मुलांनी मोबाइलवर जे केले तेच माझ्या ज्येष्ठांनी टाकाने केले होते.

तेव्हापासून मी एक प्रश्न घेऊन जुने कागद चाळतो आहे. तालुक्याच्या गावातला वकील कायदा शोधतो कुठे? मुंबईच्या हायकोर्टाची लायब्ररी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा प्रश्न पडणार नाही. इथे तो रोज पडतो, आणि त्याचे उत्तर दर पिढीला बदलले आहे.

हे गाव कुठे आहे ते आधी ध्यानात घेतले पाहिजे. हदगावहून उमरखेडला जाताना पैनगंगा लागते. आज ती नांदेड आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांमधली हद्द आहे. १९४८पर्यंत ती दोन कायद्यांमधली हद्द होती. पलीकडे वऱ्हाड. कागदोपत्री निजामाचा, पण १८५३पासून इंग्रजांच्या ताब्यात आणि १९०२ला कायमच्या पट्ट्याने दिलेला. तिथे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे चालत, आणि १९३६पासून अपील नागपूरच्या हायकोर्टात जाई. अलीकडे हदगाव. इथे ताजिराते आसफिया, जाब्ता-ए-फौजदारी, जाब्ता-ए-दिवानी, कानून-ए-शहादत. अपील हैदराबादला. नदीच्या एका काठावरचा माणूस दुसऱ्या काठावर जाऊन भांडला तर कलम बदले, भाषा बदले, तारखेचा महिनासुद्धा बदले.

महिन्याचे म्हणतो ते उगाच नाही. निजामी दफ्तर फसली सनाने चाले. वर्षाची सुरुवात आजूर महिन्याने, म्हणजे आपल्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि शेवट आबानने. मध्ये दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर. इसवी सन काढायचा तर फसलीत ५९० मिळवायचे. पण ते डिसेंबरअखेरपर्यंतच. जानेवारीपासून ५९१. हा एकाचा फरक पुढे किती महागात पडतो ते सांगेनच.

त्या काळातला वकील उर्दूत शिकलेला असे. हैदराबादच्या कचेऱ्यांत फारसीची जागा उर्दूने १८८०च्या दशकात घेतली. १९१८ला स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमच उर्दू. तिथल्या भाषांतर विभागाने, दारुल-तर्जुम्याने, इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणले, आणि त्यांत कायद्याचीही पुस्तके होती. घरात मराठी, पक्षकाराशी मराठी, कोर्टात उर्दू असा वकिलाचा दिवस जाई. हे मराठी माणसाला जमत नव्हते असे मात्र नाही. पुरजळचे केशवराव कोरटकर याच मुलखातले. गुलबर्ग्याला वकिली करून ते पुढे हैदराबादच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. त्यांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार बॅरिस्टर. १९४८ साली रझाकारांच्या अत्याचारांच्या निषेधार्थ वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार टाकला तेव्हा ते पुढे होते.

माझ्या ज्येष्ठांच्या कपाटात त्या काळातल्या अकरा जिल्दी आहेत. काही 'दक्कन लॉ रिपोर्ट'च्या, म्हणजे हैदराबादच्या हायकोर्टाचे निवाडे छापणाऱ्या उर्दू नियतकालिकाच्या. बाकीच्या सरकारी गॅझेटच्या, ज्याला जुनी माणसे जरीदा म्हणत. आज मोजायला अकरा थोड्या वाटतात, पण त्यांच्या सांगण्याप्रमाणे तालुक्यात एवढ्या जिल्दी असलेला माणूस विरळा. बाकीचे काय करत? विचारत. मोठ्या वकिलाला विचारत, त्याच्या मुन्शीला विचारत, पेशकाराला विचारत. ज्येष्ठ म्हणायचे, "अरे, कोर्टात सगळ्यात जास्त कायदा पेशकाराला ठावं असतो. त्याच्यासमोरून सगळे निवाडे जातात. वकिलाच्या हातून फक्त स्वतःचे." मला ते विनोदाने बोलतात असे वाटायचे. पुढे कळले की तेव्हाची माहितीची खरी वाट तीच होती. पुस्तक त्या वाटेवरचे फक्त एक ठिकाण.

सप्टेंबर १९४८ला पोलीस ॲक्शन झाली आणि नंतरच्या आठ वर्षांत या वकिलांच्या पायाखालची जमीन तीनदा हलली. १९४९ला जहागिरी खालसा झाल्या. १९५१ला वर सांगितलेले केंद्राचे कायदे आले. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादचे हायकोर्ट सुटून मुंबईचे आले. नांदेडहून हैदराबाद जवळ, मुंबई तिच्या दुप्पट लांब. एखाद्याने १९५०ला दावा लावला असेल तर तो चालू असतानाच कायद्याचे पुस्तक, पुस्तकाची भाषा आणि अपिलाचे गाव अशा तिन्ही गोष्टी बदलल्या. शिवाय गुन्हा जुन्या तारखेचा असेल तर कलम जुनेच लागायचे. म्हणजे जुने पुस्तक फेकायची सोय नाही आणि नवे घेतल्याशिवाय गती नाही. आज आमच्या बाररूममध्ये दोन्ही संहिता शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत त्याचे कारण तेच.

नवी पुस्तके आली ती मात्र नदीपलीकडून. 'ऑल इंडिया रिपोर्टर' नागपूरहून निघे. त्याच्या पानांवरचे दाखले १९१४पासूनचे. हिंदुस्थानातल्या सगळ्या हायकोर्टांचे निवाडे एका जिल्दीत, दर महिन्याला. १९५०नंतर त्यात हैदराबादचाही स्वतंत्र विभाग आला. त्याच संस्थेची चितळे यांच्या नावाने ओळखली जाणारी दिवाणी संहितेवरची जाडजूड टीका. मुंबईहून 'बॉम्बे लॉ रिपोर्टर', रतनलाल आणि धीरजलाल यांनी १८९९ला सुरू केलेला. याच दोघांचे फौजदारी कायद्यावरचे पुस्तक आजही वकिलीच्या पहिल्या वर्षात घ्यावे लागते.

हे सगळे खाजगी प्रकाशक आहेत, हे वकील नसलेल्या वाचकाच्या ध्यानात सहसा येत नाही. न्यायाधीश निकाल देतात ते सरकारी काम, पण तो निकाल वकिलाच्या हाती पोचवण्याचे काम बहुतांशी व्यापाऱ्यांनी केले. सरकारने प्रयत्न केला नाही असे नाही. १८७५ला 'इंडियन लॉ रिपोर्ट्स ॲक्ट' झाला. सरकारच्या अधिकाराने छापलेल्या अहवालाखेरीज दुसरा अहवाल ऐकून घेण्याचे बंधन कोर्टावर नाही, असे त्यात लिहिले आहे. पण सरकारी अंक उशिरा येत आणि खाजगी अंक वेळेवर. त्यामुळे कायदा तसाच राहिला आणि वहिवाट दुसरीच पडली. चाळीस वर्षांत एकाही न्यायाधीशाने माझ्यापुढे ते १८७५चे कलम वाचून दाखवलेले नाही.

रूलिंग शोधणे म्हणजे काय, हे थोडे सांगतो. मनाठ्याचा शेतकरी येतो आणि सांगतो की चुलतभावाने बांध कोरला. हा झाला प्रसंग, अजून कायदा नाही. वकील आधी ठरवतो की हा ताब्याचा दावा, मनाईचा की मोजणीचा. मग मूळ कायदा, ज्याला आम्ही बेअर ॲक्ट म्हणतो, त्यातले कलम. मग त्या कलमावरची टीका, म्हणजे कॉमेंटरी. तिच्या तळटिपांत निवाड्यांचे वर्ष आणि पान. टीका पाच वर्षांपूर्वीची असेल तर मधल्या काळासाठी डायजेस्ट. मग प्रत्यक्ष जिल्द, त्यात हेडनोट, आणि हेडनोटवर विसंबायचे नसेल तर पूर्ण निकाल. एवढे झाल्यावर शेवटची आणि सगळ्यात कंटाळवाणी पायरी राहते. हा निकाल अजून जिवंत आहे का? वरच्या कोर्टाने तो फिरवला तर नाही? ज्येष्ठ दर महिन्याला नवा अंक आला की जुन्या जिल्दी काढून फिरवलेल्या निवाड्यांच्या समासात लाल पेन्सिलीने फुली मारत. रविवारची दुपार त्यातच जाई. तेव्हा मला हे काम फुकटचे वाटे. ते आता येईलच.

जिल्दी हप्त्यांवर घेतल्या जात. प्रकाशकाचा एजंट एसटीने वर्षातून दोनदा यायचा आणि त्याचा मुक्काम ज्याच्याकडे, त्याला पहिल्यांदा नवी यादी बघायला मिळायची. बाररूमच्या लायब्ररीला वर्गणी होती, कपाट होते, किल्ली होती आणि किल्ली सापडत नसे. वाळवीला मात्र किल्ली लागली नाही. एक मात्र नमूद केले पाहिजे, वाळवीने टीकेची पुस्तके खाल्ली आणि डायजेस्टला हात लावला नाही. माझ्या मते तिलाही ती वाचवली नसावीत. ज्या दिवशी युक्तिवाद असेल त्याच दिवशी नेमकी ती जिल्द कुणाच्या तरी घरी गेलेली असायची. यामागे दर वेळी विसराळूपणाच असे, असे मी म्हणणार नाही.

न्यायाधीशाकडेही फार पुस्तके नसत. दर तीन वर्षांनी बदली होणारा माणूस किती जिल्दी बरोबर नेणार? त्यामुळे पद्धत अशी होती की वकील आपलीच जिल्द पानात चिठ्ठी घालून साहेबांपुढे ठेवी. निकाल लागेपर्यंत ती तिथेच. शिरस्तेदार तिची नोंद ठेवी. ज्येष्ठांच्या कपाटात कायम पाच-सहा दात पडल्यासारख्या मोकळ्या जागा असायच्या. पुस्तक देण्याबाबत त्यांचा नियम ठरलेला. पुस्तक दाराबाहेर जाणार नाही, पण रूलिंग कुणालाही सांगितले जाईल, विरुद्ध बाजूच्या वकिलालासुद्धा. "ते माझ्याइतकंच त्याचंही आहे," म्हणायचे. गावात झेरॉक्सचे मशीन येईपर्यंत निवाडे हाताने उतरून घेत. माझ्या पहिल्या दोन वर्षांत मी वकिली केली असे म्हणण्यापेक्षा नकलनवीशी केली म्हणणे बरोबर. पण हाताने उतरलेला निवाडा विसरत नाही, हेही तितकेच खरे.

२७ ऑगस्ट १९८१ला औरंगाबादला हायकोर्टाचे खंडपीठ बसू लागले. मुख्य न्यायाधीश व्ही. एस. देशपांडे यांच्या त्या आदेशाला आव्हान दिले गेले आणि सुप्रीम कोर्टाने 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण श्यामराव पुराणिक' या खटल्यात १९८२ला तो उचलून धरला. १९८४ला खंडपीठ कायम झाले. पक्षकाराचा मुंबईचा खर्च वाचला हे सगळे सांगतात. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट घडली. अपिलाच्या निमित्ताने औरंगाबादला जाऊन आलेला वकील रात्रीच्या गाडीने न छापलेले निकाल घेऊन येऊ लागला. मराठवाड्याच्या जमिनीचे, मराठवाड्याच्याच कायद्याखालचे निकाल, जे मुंबईच्या अंकांत कुठेतरी मागच्या पानावर पडत. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्या निकालाचे वाचन. आमची चालती लायब्ररी तीच.

कारण मराठवाड्याचा कूळकायदा वेगळा आहे. 'हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९५०', १० जून १९५०पासून लागू. पश्चिम महाराष्ट्राचा १९४८चा आणि विदर्भाचा १९५८चा. पुण्यात छापलेले कूळकायद्याचे चांगले पुस्तक घेऊन हदगावात दावा चालवायला गेलात तर हसे होईल. या कायद्याच्या चौतिसाव्या कलमात संरक्षित कूळ कोण ते सांगितले आहे. सहा वर्षे सलग कसलेली जमीन पाहिजे. कुठली सहा वर्षे? फसली १३४२ ते १३५२ यांच्या आतली, किंवा १ जानेवारी १९४८च्या लगेच आधीची, किंवा फसली १३५३च्या पहिल्या दिवशी म्हणजे ६ ऑक्टोबर १९४३ला वा त्यानंतर सुरू होऊन कायदा लागू होण्याआधी पूर्ण झालेली. स्वतंत्र भारतातला कायदा, पण कुळाचे नशीब मोजायचे फसली सनात, तेही उर्दू पाहणीपत्रकावरून.

आता तो एकाचा फरक बघा. कागदावर आजूर १३४७ लिहिले असेल तर तो ऑक्टोबर १९३७. घाईत ५९१ मिळवणारा १९३८ काढतो. सहाची पाच वर्षे होतात आणि कूळ कायद्यातून बाहेर पडते. मी हे एका तहसिलीतल्या भाषांतरात डोळ्यांनी पाहिले आहे. भाषांतर करणाऱ्याला उर्दू येत होते, फक्त महिने माहीत नव्हते. इनामी आणि देवस्थानी जमिनींचेही असेच. तिथे मूळ कागद मुंतखब, आणि तो उर्दूत. मुंतखबातली एक ओळ चुकली की पुजाऱ्याची जमीन देवाची किंवा देवाची जमीन पुजाऱ्याची होते.

आमच्या पिढीने १९५१ नंतर इंग्रजी शिकून घेतले ते बरोबरच झाले. पण उर्दू सोडून दिले ही चूक झाली, आणि ती करताना कुणाला जाणवली नाही, कारण तोवर ज्येष्ठ हयात होते. अडले की त्यांच्याकडे जायचे. ते १९९७ला गेले तेव्हा अकरा जिल्दी जागेवरच होत्या आणि त्या वाचणारे कुणी उरले नव्हते.

नंतरचा काळ वेगाने गेला. सीडी आल्या, मग पैसे भरून पाहायचे कोश आले. तालुक्याच्या वकिलाला ते परवडत नव्हते. सुप्रीम कोर्टाने १२ डिसेंबर २००७ला 'ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक' या खटल्यात सांगितले की निकालाचा मूळ मजकूर सगळ्यांचा, कुणीही छापावा. प्रकाशकाने स्वतः घातलेले परिच्छेदांचे क्रमांक आणि तशी संपादकीय भर तेवढी त्याची. ज्येष्ठांचे "ते माझ्याइतकंच त्याचंही आहे" मला तेव्हा आठवले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २००८ला, सुशांत सिन्हा यांनी 'इंडियन कानून' सुरू केले. फुकट. २ जानेवारी २०२३ला सुप्रीम कोर्टाने स्वतःचे अधिकृत अहवाल, सुमारे चौतीस हजार निकाल, सगळ्यांना खुले केले. निकालांचे मराठी भाषांतरही त्याच सुमारास मिळू लागले. निवघ्याच्या मुलाला आज जे पाच मिनिटांत सापडते त्यासाठी मी नांदेडला मुक्काम केलेला आहे. याचे मला कौतुकच आहे.

पण २०१८ची एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. एक बाई आल्या होत्या. वडील २००५च्या आधी वारलेले, भावांच्या नावावर फेरफार झालेला, जमीन वडिलोपार्जित. मुलीला मुलासारखाच हिस्सा देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ची. महाराष्ट्राने त्याआधीच १९९४ला तशी दुरुस्ती केली होती, पण ती तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरती, आणि या बाईंचे लग्न त्याआधीच झालेले. माझ्या टेबलावर टीकेची नवी आवृत्ती होती. तिच्यात 'प्रकाश विरुद्ध फुलवती' हा ऑक्टोबर २०१५चा निकाल होता. त्या तारखेला वडील हयात नसतील तर मुलीला हा हक्क नाही. मी तसे सांगितले. बाई म्हणाल्या, "मंग माहा हिस्साच नाही का, वकीलसाहेब?" मी म्हणालो, नाही. भावांनी थोडी रक्कम देऊ केली, त्यांनी हक्कसोड करून दिली.

१ फेब्रुवारी २०१८ला सुप्रीम कोर्टाचा 'दानम्मा' निकाल आला होता. त्यातले वडील २००१ला वारलेले, आणि मुलींना हिस्सा मिळाला. बाई माझ्याकडे आल्या त्या एप्रिलमध्ये. निकाल मोबाइलवर होता, फुकट होता, आणि मी तो बघितला नाही. पुस्तक नवे होते म्हणून मी निवांत होतो. ११ ऑगस्ट २०२०ला 'विनीता शर्मा' निकालाने फुलवती रद्दच केला. लाल पेन्सिलीची फुली मारण्याचे काम मी कधीच सोडून दिले होते. पुस्तके कमी होती तेव्हा ते काम होत होते, सगळे हाताशी आल्यावर ते सुटले. बाईंना मी नंतर भेटून सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. चहा मात्र दिला.

आता नवे संकट उलट्या बाजूचे आहे. न्यूयॉर्कला २०२३ साली 'माटा विरुद्ध एव्हियांका' या खटल्यात वकिलांनी संगणकाकडून लिहून घेतलेल्या कागदात सहा निवाडे निघाले जे कधी झालेच नव्हते, आणि पाच हजार डॉलरचा दंड झाला. आमच्याकडे ज्युनिअर मला तसला मजकूर दाखवतात तेव्हा मी एकच विचारतो, जिल्द कुठे आहे? जिल्द नसेल तर निकालाची प्रमाणित प्रत. ती नसेल तर साहेबांपुढे उभे राहू नका.

आणि उर्दूचे म्हणाल तर ती परत आली आहे. सप्टेंबर २०२३ला शासनाने कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकालीन कागदांकडे सगळ्यांचे लक्ष गेले. त्या हिवाळ्यात हदगावच्या तहसिलीबाहेर माणसे हातात नकला घेऊन विचारत फिरत होती, हे कोण वाचून देईल? कुणाला मोडी पाहिजे होती, कुणाला उर्दू. आरक्षणाच्या वादात मला इथे शिरायचे नाही. पण ज्या दफ्तराकडे सत्तर वर्षे कुणी फिरकले नाही त्याला एका महिन्यात शेकडो वाचक पाहिजे होते, आणि तालुक्यात ते बोटावर मोजण्याइतकेही नव्हते.

त्यांतलेच एक निवृत्त उर्दू शिक्षक आता दर गुरुवारी दुपारी माझ्याकडे येतात. त्यांना कायदा येत नाही, मला उर्दू येत नाही. ते मोठ्याने वाचतात, मी मराठीत लिहून घेतो. पक्षकारांची नावे, मौजा, फसली तारीख, शेजारी इसवी सन, आणि निकाल एका ओळीत. महिन्यांची यादी भिंतीवर चिकटवली आहे. काही शब्दांपाशी दोघेही अडतो. मग भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश काढतो, त्यात नसेल तर तो शब्द तसाच देवनागरीत लिहून पुढे जातो. मास्तरांनी मधे एकदा विचारले, "वकीलसाब, याचा उपयोग कुणाला?" मी त्यांना तो २४३चा कागद दाखवला. ते बराच वेळ अक्षर बघत राहिले आणि म्हणाले, "खत अच्छा है."

तीन जिल्दींची अनुक्रमणिका झाली आहे. चौथीची पहिली सोळा पाने वाळवीने खाल्ली आहेत, तिची सुरुवात सतराव्या पानापासून करावी लागेल.